शेतांतील नोंदयंत्र व त्याची परिभाषा

द्राक्षबागाईतदारांकडे हल्लीं उष्णतामानाची नोंद ठेवणारीं यंत्रें विक्रीस येतात. विक्रेता ‘टेन बिट’, ‘रॅम’, ‘सॅम्पलिंग’ असे शब्द भराभर उच्चारतो व बागाईतदार मान डोलावून पैसे मोजतो. बैल घेतांना दांत पाहणाऱ्यानें हे शब्दही पारखून घ्यावे, म्हणून त्यांचा खुलासा करण्याचें योजिलें आहे.

यंत्राच्या टोंकाचा सेन्सर उष्णतामानाचें रूपांतर विजेच्या दाबांत करितो. एल. एम. ३५ या प्रचलित सेन्सरांत दर अंश सेल्सिअसास १० मिलिव्होल्ट असें प्रमाण असतें. हा दाब पाटाच्या पाण्याप्रमाणें अखंड असतो. त्यास ॲनलॉग म्हणतात. संगणकास मात्र आंकडेच समजतात. सबब ए. डी. सी. नामक भाग त्या दाबाचें माप घेऊन आंकडा देतो. टेन बिट म्हणजे दोनाचा दहावा घात, अर्थात् १०२४ पायऱ्या. इटलींतील इव्रेआ येथें २००५ सालीं उदयास आलेल्या आर्डुइनोच्या ‘उनो’ पाटीवर ५ व्होल्टांचे इतकेच भाग पडतात. एक भाग सुमारें ४.९ मिलिव्होल्टांचा, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंशाचा झाला. आंकडा ६१ आल्यास उष्णतामान २९.८ अंश समजावें. पडद्यावर दशांशाचीं चार स्थळें दिसलीं, तरी तीं भागाकाराचीं होत, मोजमापाचीं नव्हेत!

याहून महत्त्वाची गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाहीं. हा सेन्सर साध्या जोडणींत २ अंशांच्या खालीं मोजीत नाहीं. निफाडच्या बाजूस थंडीच्या लाटेंत पारा दोनतीन अंशांवर येतो. म्हणजे ज्या रात्रीं बागेंत शेकोट्या पेटवावयाच्या, त्याच रात्रीं यंत्र आंधळें होण्याचा संभव. तेथें उणे ५५ अंशांपर्यंत मोजणारा डी. एस. १८ बी २० हा सेन्सर घ्यावा. तो आंकडाच पाठवितो, त्यास ए. डी. सी. लागत नाहीं.

सॅम्पलिंग म्हणजे किती वेळानें माप घ्यावें तें. दर पंधरा मिनिटांस एक, तर दिवसाच्या ९६ नोंदी होतात. बागेस तेवढ्या पुरेत.

आतां स्मरणाविषयीं. रॅम ही पाटीवरील खडूप्रमाणें असून वीज जातांच पुसली जाते. प्रस्तुत लेखकाच्या पहिल्या यंत्रांत सर्व नोंदी रॅममध्येंच ठेविल्या जात. पौषांतील एका पहांटे वीज गेली आणि आदल्या तीन रात्रींचा हिशेब नाहींसा झाला. किती काळ गारठा टिकला हें कळेना, व फुटव्यांच्या जळण्याचें कारण तर्कावरच राहिलें. उनोमध्यें वीज गेल्यावरही टिकणारी ई-ई-प्रॉम नांवाची जागा आहे, परंतु ती अवघी १०२४ बाइटांची. एका नोंदीस दोन बाइट धरल्यास दिवसास १९२ लागतात व सहाव्या दिवशीं जागा भरते. म्हणून आम्हीं पुढें मेमरी कार्ड बसविलें. शिवाय उनोस स्वतःचें घड्याळ नसतें. वीज परत आली कीं तो वेळ शून्यापासून मोजूं लागतो. तेव्हां बटनासारख्या लहान सेलवर चालणारें घड्याळ निराळें जोडावें लागलें.