घड्याळाचे अंतरंग

'दिसते तसे नसते, म्हणून जग फसते' ही म्हण मनगटी घड्याळाला चांगलीच लागू पडते. तबकडीवर एका कंपनीचे नाव असावे आणि आतील यंत्र मात्र दुसऱ्याच कारखान्यात घडलेले असावे, असे पुष्कळदा आढळते. घड्याळाचे कारागीर या यंत्राला 'मशीन' म्हणतात. जुन्या व मौल्यवान घड्याळाची खरी पारख या मशीनवरूनच होते.

पहिली परीक्षा झाकण न उघडता करता येते. सेकंदकाटा दर सेकंदाला एकच उडी घेत असेल, तर आत बहुधा बॅटरीवर चालणारे क्वार्ट्‌झ यंत्र असते. तो बारीक पावले टाकीत सरकत असेल, तर यंत्र बहुधा कमानीवर चालणारे असते. अशा यंत्रातील तोलचक्र सतत हेलकावे घेते. अनेक जुन्या यंत्रांत ताशी १८,००० ठोके पडतात. एका तासाचे सेकंद ३,६००. म्हणजे दर सेकंदाला ५ ठोके झाले. पुढे ताशी २८,८०० ठोक्यांची यंत्रेही निघाली. त्यांत सेकंदाला ८ ठोके पडतात.

दुसरी परीक्षा झाकण उघडून करावयाची असते. धुळीचा एक कणही यंत्राला बाधतो, म्हणून हे काम कारागिराचेच होय. झाकणावर कोरलेला आकडा पाहून नवशिका फसतो. कारण तो बहुधा बाहेरच्या पेटीचा असतो, यंत्राचा नव्हे. यंत्राचा क्रमांक व निर्मात्याची खूण पुष्कळदा तोलचक्राच्या जवळ किंवा त्याच्याखाली दडलेली असते. ती भिंगातूनच दिसते. चाकांच्या आसांची झीज होऊ नये म्हणून त्यांची टोके माणकाच्या लहान खड्यांत बसवलेली असतात. या खड्यांची संख्या यंत्रावर लिहिलेली आढळते. परंतु '१७ ज्युएल' असलेली यंत्रे अनेक कारखान्यांनी बनवली आहेत. तेव्हा केवळ त्या आकड्यावर विसंबून चालत नाही. क्रमांक सापडला नाही, तर चाके धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचा आकार न्याहाळून तो कारखान्याच्या जुन्या पुस्तकांतील चित्रांशी ताडून पाहतात.

मुळशी तालुक्यातील नांदे असो वा महाराष्ट्रातील दुसरे एखादे गाव असो, तेथील जुन्या पेटीत आजोबांचे एचएमटी घड्याळ सापडले तर नवल नाही. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळूर येथे घड्याळांचा कारखाना काढला. तिचे किल्लीचे 'जनता' घड्याळ फार लोकप्रिय झाले. २०१६ साली केंद्र सरकारने ही घड्याळ-कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आता संग्राहक ही घड्याळे हौसेने जमवतात, आणि जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेली तबकडी चढवून ती विकणारेही भेटतात. शिवाय यंत्र न ओळखता त्यात भलताच भाग बसवला, तर वडिलांनी जपलेली वस्तू कायमची निकामी होऊ शकते.

परंतु परके यंत्र म्हणजे खोटे घड्याळ, असेही समजू नये. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यावर उपाय म्हणून १९३१ साली 'रिव्हर्सो' नावाचे घड्याळ निघाले. त्याची पेटी उलटी फिरवली की काच आत जाऊन सुरक्षित राहते. स्वित्झर्लंडच्या लकूल्त्र कारखान्याशी या घड्याळाचे नाव जोडलेले आहे. तथापि आरंभी त्याच्या आकाराला साजेसे यंत्र त्या कारखान्याजवळ नव्हते. म्हणून पहिल्या घड्याळांत तवान नावाच्या दुसऱ्या स्विस कारखान्याची यंत्रे बसवली गेली. लकूल्त्रची स्वतःची यंत्रे त्यात आली ती १९३३ सालापासून. हा इतिहास ज्याला ठाऊक नाही, तो १९३१ सालच्या अस्सल घड्याळात तवानचे यंत्र पाहून त्यास नकली ठरवील!

सारांश, तबकडीवरील नाव, यंत्रावरील क्रमांक आणि निर्मितीचे वर्ष या तिन्ही साक्षी एकमेकींशी जुळल्या, म्हणजेच निर्णय द्यावा. एकाच साक्षीवर विसंबणारा खऱ्याला खोटे म्हणेल आणि खोट्याला खरे मानून बसेल.