तूर मारणारी बुरशी आणि पालापाचोळा खाणारी बुरशी



मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या धुऱ्याजवळच्या पट्ट्यातली तूर उभ्याने वाळली. फुले होती, शेंगा धरत होत्या, जमिनीत ओल होती, तरी झाडे माना टाकत. एका झाडाची तर एक बाजू हिरवी आणि दुसरी वाळलेली. आजी म्हणाली, "कोनाची तरी नजर लागली." बाबा काहीच बोलले नाहीत. माझी ताई खामगावला शिकते, तिचा खर्च त्या तुरीवर होता.

पुढच्या आठवड्यात शेतीखात्याचे साहेब गावात आले. बाबांनी एक झाड मुळासकट उपटून त्यांच्याकडे नेले. साहेबांनी विळ्याने खोड उभे चिरले. आतल्या लाकडात काळपट रेघा होत्या, जणू कोणी शाईची काडी ओढली. साहेब म्हणाले, "नजर नाही, ही मर आहे. बुरशीचा रोग." दुसऱ्या दिवशी मी ते चिरलेले खोड दप्तरात घालून शाळेत आणले. गुरुजींनी ते पाहिले आणि म्हणाले, "आता तूच शोध आणि भित्तिपत्रकाला लिही." म्हणून हा लेख.

बुरशी आपण सर्वांनी पाहिली आहे. शिळ्या भाकरीवर येते, लोणच्यावर येते, पावसाळ्यात कोपऱ्यात पडलेल्या चपलेवरही येते. ती झाडासारखी हिरवी नसते, म्हणून उन्हात स्वतःचे अन्न तयार करू शकत नाही. तिला तयार अन्न लागते. आपण आधी खातो आणि मग पचवतो. बुरशीचे उलटे आहे. ती आपला पाचक रस बाहेर सोडते, वस्तू बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. तिला तोंड नाही, पोट नाही, नुसते बारीक धागे. (हे मला फार गमतीचे वाटले. आजीला सांगितले तर ती म्हणाली, "शी!")

तुरीच्या मर रोगाच्या बुरशीचे नाव फ्युजारियम उडम. बिहारमध्ये पुसा येथे सरकारी शेती संशोधन संस्था होती. तिथे बटलर नावाचे आयरिश शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९०६ साली या रोगाची नोंद केली आणि १९१० साली बुरशीला हे नाव दिले. ही बुरशी मातीतून मुळात शिरते. मुळातून वर पाणी नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या असतात त्यांत ती वाढते आणि नळ्या तुंबतात. म्हणजे जमिनीत पाणी असूनही झाड तहानेने मरते. आपण ओलित केले तरी उपयोग नाही! काळ्या रेघा त्या तुंबलेल्या नळ्यांच्याच. वाईट गोष्ट ही की झाड मेल्यावर बुरशी मरत नाही. मुळात, खुंटात आणि मातीत ती तीनेक वर्षे, कधी त्याहूनही जास्त टिकते. त्याच जागी पुन्हा तूर पेरली की पुन्हा मर.

हे ऐकून बाबांनी त्या पट्ट्यातले खुंट, तुराट्या, धुऱ्यावरच्या लिंबाचा पाला, सगळे ओढून एक मोठा ढीग केला आणि पेटवून दिला. मला तेव्हा बरेच वाटले. पण गुरुजी म्हणाले, "बाबांचे अर्धे बरोबर, अर्धे चूक." रोगट खुंट उपटून जाळणे बरोबर. चूक होती ती पाला जाळण्यात. का ते सांगते.

खामगावहून बोथ्यामार्गे बुलढाण्याला जाताना ज्ञानगंगा अभयारण्य लागते. तिथे सागाची केवढी पाने गळतात! दरवर्षी गळतात, कोणी झाडत नाही, तरी जंगल पानांनी बुजून जात नाही. ती पाने जातात कुठे? वाळवी खाते, बारीक जंतू खातात, आणि मोठा वाटा बुरशींचा. पावसाळ्यात ओला पाचोळा उचलून पाहा, खाली पांढरे धागे दिसतील. पान कुजून माती होते आणि त्यातले सत्त्व झाडाला परत मिळते.

या पाचोळा खाणाऱ्यांत एक ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी आहे. आपण कापूसवाले लोक, म्हणून तिची एक गोष्ट ऐका. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू कुजू लागले. तपास केला तर कापूस खाणारी ट्रायकोडर्माची एक जात सापडली. तिला पुढे रीस नावाच्या शास्त्रज्ञाचे नाव मिळाले. पानातला मुख्य भाग आणि कापूस हे एकाच पदार्थाचे बनलेले असतात, म्हणून जी पान पचवते ती तंबूही पचवते.

पण ट्रायकोडर्मा नुसती पाला खात नाही. १९३२ साली वाइंडलिंग यांनी दाखवले की ती मातीतल्या दुसऱ्या बुरशींच्या धाग्यांना विळखा घालते आणि त्यांनाही खाते. म्हणजे तुरीच्या वैऱ्याचा वैरी आपल्याच मातीत आहे. तिला शेणखत, कुजका पाला लागतो. आम्ही पाला जाळला, म्हणजे राखणदाराची भाकरीच जाळली.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात ट्रायकोडर्मा वाढवून तिची पाकिटे करतात. पेरणीआधी ती बियाण्याला चोळतात. बाबांनी मागच्या उन्हाळ्यात एक पाकीट आणले आणि मला म्हणाले, "पोरी, सावलीत ठेव." मी ते टिनाच्या खोलीत खिडकीवर ठेवले. मे महिना! टिन तव्यासारखे तापत होते. जूनमध्ये ते पाकीट पाहून साहेब म्हणाले, "हे औषध नाही, जीव आहे. उन्हात ठेवलं तर मरतो." दुसरे पाकीट आणावे लागले. बाबा रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागले.

या वर्षी त्या पट्ट्यात आम्ही ज्वारी घेतली. ज्वारीला ही मर लागत नाही. तूर दुसऱ्या वावरात पेरली, बीएसएमआर ७३६ जातीची. ती शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्राची, मर रोगाला तोंड देणारी. तीही सगळी वाचेल असे नाही. आतापर्यंत चार झाडे वाळली, मी मोजली. मागच्या वर्षी मोजायला बसले नव्हते, इतकी होती.

शाळेत आम्ही नाडेप टाके बांधले. नाडेप म्हणजे पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे, त्यांच्या नावाची ही अक्षरे. टाके १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच. विटांत मुद्दाम भोके ठेवायची, कारण पाला कुजवणाऱ्यांना हवा लागते. पाला, शेण, माती यांचे थर देऊन ओले ठेवायचे. तीनचार महिन्यांत खत. मात्र रोगट तुराट्या त्यात टाकायच्या नाहीत, त्या आम्ही चुलीत घालतो. आईला सरपण होते.

ऑगस्टमध्ये आम्ही टाक्यात एक सुती चिंधी आणि एक नायलॉनची चिंधी पुरली होती. दिवाळीनंतर काढली. नायलॉन तसेच. सुतीची जाळी झाली होती, हातात घेताच तुटली. दोन्ही चिंध्या आणि ओल्या पानांची काचेची बरणी सातवीच्या वर्गात खिडकीशी ठेवली आहे, सावलीत. पालकांनी जरूर पाहावी. फक्त झाकण उघडू नका, बुरशीची धूळ नाकात जाते.

— इयत्ता ७ वी