तिसऱ्या वाटणीला सापडणारा पत्ता

रत्नागिरीकडच्या घरांत गणपतीतली रात्र लवकर संपत नाही. आरत्या झाल्या, भजन झालं, चहा फिरला की पडवीत चटई पडते आणि पत्त्यांचा कॅट निघतो. मेंढीकोट रंगतो, झब्बूवरून हमरीतुमरी होते, आणि डाव मोडता मोडता मुंबईहून आलेला एखादा काका समोरच्या पोराला म्हणतो, "एक पत्ता मनात धर. मला सांगू नकोस." २१ पत्त्यांची ही जादू कितीतरी घरांत अशीच हातोहात शिकली जाते. हातचलाखी तिच्यात तसूभरही नाही, आणि म्हणूनच मला ती पत्त्यांच्या सगळ्या जादूंत थोर वाटते.

कृती साधी आहे. कोणतेही २१ पत्ते घ्यायचे आणि चित्रं वर ठेवून एकेक करत तीन गठ्ठ्यांत वाटायचे. पहिला डावीकडे, दुसरा मध्ये, तिसरा उजवीकडे, चौथा पुन्हा डावीकडे. पोराने मनात चौकटची राणी धरली आहे. ती कुठल्या गठ्ठ्यात आहे एवढंच तो बोटाने दाखवतो. तो गठ्ठा बाकी दोघांच्या मध्ये घालायचा, सगळे पत्ते पालथे करायचे आणि पुन्हा तसेच वाटायचे. असं तीनदा. तिसऱ्यांदा गोळा केले की राणी वरून अकराव्या जागी असते. सुरुवातीला पत्ते कितीही पिसा, ती तिथेच येते.

नुसतं अकरा मोजून पत्ता काढला तर जादू तिथेच विरते. त्यापेक्षा "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणावं. त्यात बरोबर दहा अक्षरं आहेत. एकेका अक्षराला एकेक पत्ता खाली टाकायचा. "या"वर दहावा पडतो आणि पुढचा उलटला की चौकटची राणी! पडवीत तेव्हा जो गलका होतो तो ऐकायलाच हवा.

आता हे घडतं कसं ते पाहू. पहिल्या उत्तरातच २१ पैकी १४ पत्ते बाद होतात. उरलेले सात मध्ये ठेवल्याने आठव्या ते चौदाव्या जागेवर येतात. पुन्हा वाटताना ते तिन्ही गठ्ठ्यांत विखुरतात, पण प्रत्येक गठ्ठ्यात तिसऱ्या ते पाचव्या जागेतच. दुसऱ्या उत्तरानंतर दोन किंवा तीनच पत्ते शिल्लक राहतात, आणि गोळा केल्यावर ते दहाव्या, अकराव्या, बाराव्या जागांच्या बाहेर असूच शकत नाहीत. या तीन जागांवरचे पत्ते तिसऱ्या वाटणीत तीन वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडतात, आणि तिन्हीकडे चौथ्या, म्हणजे ऐन मधल्या जागी. पोराचं बोट उठतं त्याच क्षणी काकाला पत्ता कळलेला असतो! पोराला मात्र वाटतं की आपण काहीच सांगितलं नाही. खरं तर त्याने तीनदा तीनांतून एक निवडून दिला आहे. तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे २७ शक्यता. त्यात २१ पत्ते आरामात मावतात.

मग पुरे २७ पत्ते घेतले तर? फ्रेंच गणिती जोसेफ झर्गोन यांनी १८१३-१४च्या सुमारास या जादूचा गणिती उलगडा छापला. त्यातून निघणारी गोष्ट थक्क करणारी आहे: पत्ता कितव्या जागी यावा हेही प्रेक्षकालाच ठरवू द्यायचं. समजा कोणी २३ म्हणालं. रत्नागिरीत जन्मलेल्या आणि स्वतः गणित शिकवलेल्या लोकमान्य टिळकांची जन्मतारीख २३ जुलै, तेव्हा हा आकडा इथे सुचणं साहजिक आहे. त्यातून एक वजा करा: २२. दाखवलेला गठ्ठा वर ठेवला तर शून्य, मध्ये ठेवला तर एक, खाली ठेवला तर दोन. पहिल्या वेळचा आकडा तसाच घ्यायचा, दुसऱ्या वेळचा तिप्पट, तिसऱ्या वेळचा नऊपट. एक, तीन आणि अठरा मिळून २२ होतात. म्हणजे मध्ये, मध्ये, खाली. पत्ता मुकाट्याने तेविसावा येतो!

चित्राशी या जादूला काही देणंघेणं नाही, त्यामुळे ती सावंतवाडीच्या गंजिफ्यांवरही चालते. १९८१मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. तिथली गोल, हाताने रंगवलेली दशावतारी गंजिफा म्हणजे मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग. प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, असे एकूण १२० पत्ते. चार वाटण्यांत ८१ पत्त्यांचाच निकाल लागतो, म्हणून अख्ख्या गंजिफ्याला पाच लागतात. दरवेळी दाखवलेला गठ्ठा मध्येच घालायचा. पाचव्या वाटणीत मनातला नृसिंहाचा प्रधान डावीकडच्या गठ्ठ्यात असेल तर एकविसावा निघतो, उजवीकडच्या गठ्ठ्यात असेल तर विसावा. मधल्या गठ्ठ्यात तो त्या खेपेला कधीच नसतो.