फितुरीचे दप्तर

कथाकाराला खलनायक घडवायचा असतो तेव्हा त्याच्या हाती कागद असतो, एकांत असतो आणि लिहिलेले खोडण्याची मुभा असते. भूमिका-खेळाच्या मेजाशी बसलेल्या सूत्रधाराला, ज्याला आमच्या मंडळात सारे ‘डीएम’ म्हणतात, ह्यांपैकी एकही सवलत उपलब्ध नसते. गेल्या बैठकीत त्याने जे उच्चारले ते चार साक्षीदारांच्या स्मरणात कायम झालेले असते, आणि त्या साक्षीदारांतला प्रत्येक जण कथेतील एकेका पात्राचा धनी असल्यामुळे पुढे काय घडावे ह्यावर त्याचाही सूत्रधाराइतकाच हक्क असतो. अशा परिस्थितीत ज्याच्या शब्दावर खेळाडूंनी जीव धोक्यात घातले, ज्याच्या ओसरीवर आपल्या जखमा धुतल्या, त्या मित्रालाच मोहिमेचा गुप्त शत्रू ठरवणे हे ह्या कलेतील सर्वांत नाजूक काम होय, असे माझे मत आहे. ते काम अलीकडेच माझ्या हातून पार पडले. त्याची रीत कशी असते ते येथे सांगावयाचे आहे.

ह्या खेळाच्या उगमापाशीच गुप्त हेतूंचा वास आहे. १९६९ साली अमेरिकेतील मिनियापोलिस आणि सेंट पॉल ह्या जोडशहरांत डेव्हिड वेस्ली ह्यांनी नेपोलियनच्या काळातील ब्राउनश्टाइन नावाच्या एका कल्पित गावावर युद्धखेळ मांडला, आणि प्रत्येकाला केवळ सैन्याच्या तुकड्या वाटून न देता एकाला नगराध्यक्ष, दुसऱ्याला सावकार, तिसऱ्याला विद्यापीठाचा कुलगुरू करून ज्याच्या त्याच्या हाती ज्याचे त्याचे उद्दिष्ट सोपवले. त्या मंडळातील डेव्ह आर्नेसन ह्यांनी त्यातूनच ‘ब्लॅकमूर’ची सृष्टी उभारली, पुढे गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन ह्या दोघांच्या नावे १९७४ मध्ये विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या तीन पुस्तिका निघाल्या, त्यांच्या पहिल्या छपाईचे संच अवघे एक हजार होते. मित्रवेषातील शत्रूही ह्या खेळाला नवा नाही. ट्रेसी आणि लॉरा हिकमन ह्यांनी १९८३ मध्ये लिहिलेल्या ‘रेव्हनलॉफ्ट’चा जो विस्तार २०१६ साली ‘कर्स ऑफ स्ट्राड’ ह्या नावाने प्रसिद्ध झाला, त्यात रक्तपिपासू सरदार स्ट्राड हा वासिली फॉन होल्ट्स नावाचा सुसंस्कृत गृहस्थ बनून लोकांत वावरू शकतो. परंतु ते वेषांतर आहे. मुखवटा काढला की आतला माणूस निराळा निघतो. मला निराळा माणूस नको होता. खेळाडूंनी ज्याला ओळखले तोच माणूस, त्याच्या त्याच चांगुलपणासकट, अखेरीस समोर उभा राहावा अशी माझी इच्छा होती.

हा माणूस म्हणजे आमच्या मोहिमेतील नदीकाठच्या ठाण्याचा कारभारी. प्रारंभी त्याची नेमणूक अगदी सामान्य कामासाठी झाली होती : परवाने द्यावेत, मोहिमेचे दाम चुकते करावेत, उतरण्यास जागा द्यावी, आणि पुढची वाट कोणती ते सांगावे. पण सरळ बोलणारा, हिशेबाला चोख आणि जेवणाचा आग्रह करणारा हा प्रौढ गृहस्थ खेळाडूंच्या मनात असा काही बसला की योद्धा, जादूगार, धर्मोपासिका आणि चोर हे चौघेही त्याला ‘काका’ म्हणू लागले. मोहीम अर्ध्यावर आली असता जुन्या बैठकांची टिपणे चाळताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. कारभाऱ्याने दिलेल्या बातमीवरून ह्या चौघांनी प्रथम धान्याच्या चोरट्या व्यापाऱ्यांची टोळी मोडली, नंतर गढीच्या कप्तानाला बडतर्फ करविले, आणि शेवटी वृद्ध न्यायाधीशाला लाचखोरीच्या पुराव्यासह पदावरून दूर केले. ठाण्याच्या हिशेबाबद्दल जाब विचारू शकेल असा कोणीही आता शिल्लक राहिला नव्हता. हे मी योजलेले नव्हते, खेळाडूंनाही ह्याची जाणीव नव्हती. पण ती घटनांची रांग आपल्या पायांनी चालत एका माणसाच्या दाराशी जाऊन थांबली होती, आणि तेथे ती पोहोचलीच आहे तर दार उघडणे एवढेच सूत्रधाराचे काम उरते.

दार उघडण्यापूर्वी दप्तर तपासावे लागते. मी एक कोरी वही घेतली, पान मधोमध दुमडले, आणि डाव्या बाजूस मेजावर जे प्रत्यक्ष बोलले गेले तेवढेच उतरवले. उजव्या बाजूस, त्याच दिवशी, त्याच घटकेला कारभारी खरोखर काय करीत होता ते लिहावयाचे. नियम एकच : डावीकडील एकाही अक्षरास हात लावायचा नाही. जे बोलले गेले ते पक्के, जे बोलले गेले नाही ते मोकळे. ह्या एका नियमात सगळा सचोटीचा भाग आहे, कारण पूर्वी घडलेले मागाहून बदलणारा सूत्रधार खेळाडूंचा विश्वास एकदाच गमावतो, आणि तो परत मिळत नाही. एका ठिकाणी ह्या नियमाने माझी चांगलीच परीक्षा पाहिली. कप्तानाच्या चौकशीच्या वेळी धर्मोपासिकेने सत्यमंडलाचा मंत्र टाकला होता. १५ फूट त्रिज्येच्या त्या वर्तुळात ज्याचा फासा अपुरा पडतो त्याला जाणूनबुजून असत्य बोलता येत नाही, आणि तो सापडला की निसटला हे मंत्र टाकणारीला कळते. कारभारी त्या वर्तुळात उभा होता, सापडला होता, आणि कप्तानाने सरकारी धान्य विकताना आपण डोळ्यांनी पाहिले असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले होते. म्हणजे कप्तान चोर होता हे अढळ. खोट्या आळाची सोपी वाट तेथेच बंद झाली, आणि तिच्या जागी फार चांगली वाट मिळाली : ह्या माणसाने कोणावरही खोटा आळ घेतलेला नव्हता, त्याने खरे गुन्हे आपल्या सोयीच्या मुहूर्तापर्यंत जपून ठेवले होते.

मग हेतूचा प्रश्न आला. केवळ सत्तेचा लोभ ह्या माणसाला शोभला नसता. मी असे ठरवले की अनेक वर्षांपूर्वीच्या एका दुष्काळात, कोठारे रिकामी झाली आणि पोरे मरू लागली तेव्हा, ह्या कारभाऱ्याने पाताळातील एका सैतानाशी तहनामा केला. ठाण्याला दर वर्षी धान्य मिळावे, आणि मोबदला म्हणून दर शरद ऋतूत एक परका प्रवासी त्याच्या स्वाधीन व्हावा. त्या ठाण्यात आमचे चौघे जण परके म्हणूनच आले होते. उजव्या बाजूचे रकाने आता भराभर भरू लागले : जेवणाचा आग्रह, उतरण्याची जागा, कोणाच्या घरी कोण वाट पाहते आहे ह्याची आपुलकीने केलेली विचारपूस, सारे आपापल्या जागी बसले.

एक रकाना तेवढा बसेना. पूर्वीच्या एका बैठकीत कोठाराला आग लागली असता हाच कारभारी जळत्या तुळईखालून धर्मोपासिकेला पाठीवर घेऊन बाहेर आला होता, आणि त्याचा हात कायमचा भाजला होता. ती तेथे मेली असती तर त्या वर्षाचा मोबदला आपोआप चुकता झाला असता. तिला वाचवण्यामागे काही छुपा स्वार्थ शोधावा म्हणून मी पुष्कळ डोके चालवले, आणि अखेरीस तो शोध सोडून दिला, कारण तो शोधणे म्हणजे त्या माणसाला उगाच लहान करणे होते. त्याने तिला वाचवले ते ती मरू नये म्हणून. मी उजव्या बाजूस तेच लिहिले. आणि त्याखाली पुढच्या आठवड्यात नदीत सापडलेल्या जासुदाच्या प्रेताची नोंद केली, ज्याच्या मृत्यूचा उलगडा तोवर कोणालाही झालेला नव्हता. तिच्या जागी तो गेला होता. ह्या दोन नोंदी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा हे पात्र मला प्रथम पुरतेपणी कळले.

एवढे झाल्यावर उरते ते सूत्रधाराच्या वाणीचे पथ्य. असत्य बोलायचे ते पात्राने. निवेदकाने कदापि नाही. चोराच्या खेळाडूने एकदा मध्येच थांबून, काका खरे बोलत आहेत का, असे विचारले आणि वीस पैलूंचा फासा टाकला. आकडा उत्तम पडला. ‘तो खरे बोलतो आहे’ असे मी म्हणालो असतो तर ते माझे खोटे झाले असते. मी म्हणालो, “उत्तर देण्यापूर्वी ते क्षणभर धर्मोपासिकेकडे पाहतात, आणि हे उत्तर त्यांनी आधीपासून तयार ठेवले असावे असे तुला वाटते.” त्याने त्याचा अर्थ दुःख असा लावला, आणि तो अर्थ चुकीचाही नव्हता. मंत्रांच्या बाबतीत २०१४ च्या नियमावलीची मला मदत झाली. तीत दुष्ट-सुष्टाचा शोध घेणारा मंत्र ३० फुटांच्या आतील सैतान, देवदूत, प्रेतात्मे अशा अमानवी अस्तित्वांची चाहूल देतो, माणसाच्या अंतःकरणाची नाही. मन झाकणारी जादूची अंगठी त्याच्या बोटात घालणे सहज शक्य होते. मला ते अप्रशस्त वाटले. वस्तूच्या बळावर लपलेला माणूस सापडला की खेळाडू त्या वस्तूला दोष देतात आणि स्वतःच्या विश्वासाकडे पाहायचे टाळतात.

खुणा मात्र उघड्यावर ठेवाव्या लागतात, आणि भरपूर ठेवाव्या लागतात. जस्टिन अलेक्झांडर ह्या अमेरिकन लेखकाने २००८ मध्ये मांडलेला एक नियम सूत्रधारांत सर्वमान्य झाला आहे : खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते त्यासाठी किमान तीन खुणा पेराव्यात, कारण एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीकडे ते दुर्लक्ष करतात आणि तिसरीचा अर्थ भलताच लावतात. मी नाक्यावरच्या आवक-जावक वहीत दर शरदात एका प्रवाशाच्या येण्याची नोंद ठेवली आणि जाण्याची ठेवली नाही. नापिकीच्या वर्षांतही भरलेल्या कोठारांचे आकडे ठेवले. आणि जासुदाचा घोडा लंगडत होता हे, कोणीही न सांगता, कारभाऱ्याच्या तोंडून बोलता बोलता जाऊ दिले. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकात क्षपणकाच्या वेषातील जीवसिद्धी हा राक्षसाचा विश्वासू मित्र वस्तुतः चाणक्याचा हेर असतो. पण प्रेक्षकाला ते पहिल्याच अंकात कळलेले असते, अंधारात असतो तो एकटा राक्षस. आमच्या मेजावर प्रेक्षक आणि राक्षस एकच. म्हणून त्याला फसवताना त्याच्यापुढे सर्व कागद ठेवलेले असणे, ही सूत्रधाराची त्याच्याप्रती असलेली किमान जबाबदारी आहे असे मी मानतो. मोहीम सुरू होण्यापूर्वीच्या बोलणीत, आप्ताकडून घात होण्याचा प्रसंग कथेत आला तर चालेल काय, हेही मी चौघांना विचारून घेतले होते. आणि फितुरी एकदाच. गावचा नावाडी, सरायची मालकीण, जादूगाराचे गुरू ही माणसे शेवटपर्यंत निष्ठावंत राहतील अशी तजवीज मी जाणीवपूर्वक केली, कारण ज्या सृष्टीत प्रत्येक मित्र फितूर निघतो तेथे खेळाडू कोणावर जीव टाकणेच थांबवतात, आणि मग घाताला अर्थ राहत नाही.

उलगडा जादूगाराच्या खेळाडूने केला. नाक्याची वही आणि कोठाराचे आकडे शेजारी शेजारी ठेवून ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने इतरांना तारखा वाचून दाखवल्या. चौघे कारभाऱ्याच्या घरी गेले तेव्हा त्याने काही नाकारले नाही. मी त्याच्या वतीने तहनाम्याचा सारा वृत्तांत सांगितला, दुष्काळात मेलेल्या मुलांची नावे सांगितली, आणि योद्ध्याच्या खेळाडूने तलवार उपसल्याचे जाहीर केले तेव्हा धर्मोपासिकेच्या खेळाडूने मला एकच प्रश्न विचारला : आगीच्या रात्री काकांनी मला का वाचवले? मी वही उघडून उजव्या बाजूची ती ओळ तिच्यापुढे धरली. खालची जासुदाची नोंदही तिने वाचली.

त्यानंतर जे झाले त्याची मला अपेक्षा नव्हती. योद्ध्याला तेथल्या तेथे निकाल हवा होता, चोराला तहनामा आधी हस्तगत करायचा होता, आणि त्या वादात बैठकीचा उरलेला सारा वेळ गेला. शेवटी असे ठरले की कारभाऱ्यावर गावासमोर खटला चालावा, आणि त्याचे वकीलपत्र धर्मोपासिकेने घ्यावे. ज्या न्यायाधीशाला ह्याच चौघांनी पदच्युत केले होते त्याला परत बोलावणे आता भाग आहे, त्याच्या मनातील राग आणि न्यायबुद्धी ह्यांचा मेळ कसा घालावा ते मला अद्याप ठरवायचे आहे. आरोपांचा मसुदा योद्ध्याने लिहून पाठवला आहे. बचावाच्या बाजूने धर्मोपासिकेने दुष्काळाच्या वर्षाचे सगळे कागद मागितले आहेत, आणि मी सध्या ते तयार करतो आहे.