भाऊजींची वही आणि रबराचा भाता

आमच्या वरवट बकालला बोट म्हटलं की आधी हाताचं बोट आठवतं! पाण्यातल्या बोटीशी आमचा काय संबंध? पण शिकागोजवळ राहणाऱ्या ताईकडे उन्हाळ्यात दोन महिने राहून आले आणि एका जुन्या बोटीनं मला चांगलंच शिकवलं.

ही बोट भाऊजींची. १९८७ सालची, जुनीच विकत घेतलेली. तीन वर्षांपूर्वी भाऊजी गेले. "आई, विकून टाक, भंगार आहे ते," असं मुलगा सारखा म्हणतो. ताईचं एकच उत्तर, "त्यांच्या हातची ही एकच वस्तू अजून चालते रे."

चालते, पण चालवणं सोपं नाही. या बोटीचं इंजिन आत, मागच्या बाजूला आणि पाणी कापणारा पंखा बाहेर, पायासारख्या एका भागाला. ही 'कोब्रा' नावाची यंत्रणा 'आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन' या तिथल्याच वॉकीगन गावच्या कंपनीनं १९८६ च्या सुमारास काढली. पुढं ती बंद पडली आणि डिसेंबर २००० मध्ये कंपनीचंच दिवाळं निघालं. आता रबरी भाग दुसरे कारखाने बनवतात. आतली काही दातेरी चक्रं मात्र कधीकधी भंगारातल्या बोटी उघडून शोधावी लागतात.

इंजिनाचा दांडा बोटीच्या पाठीला पाडलेल्या भोकातून बाहेर पायाकडं जातो. तिथं पाणी आत येऊ नये म्हणून रबराची घड्याघड्यांची नळी बसवलेली असते, अगदी पेटीच्या भात्यासारखी. पाय वळतो, वर उचलला जातो, तसा भाताही वाकतो. हे रबर वाळलं, चिरलं की आधी बेअरिंग गंजतं आणि मग उभ्या जागी बोट बुडू शकते.

भाऊजींनी हे सगळं एका वहीत मराठीत लिहून ठेवलं होतं. 'दर वर्षी भात्याची प्रत्येक घडी बोटानं तपासणे. बोट ठेवताना पाय खाली सोडणे, म्हणजे रबर ताणत नाही. पायातलं तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलं समजणे. थंडीआधी इंजिनातलं पाणी काढणे, नाहीतर बर्फ होऊन इंजिन फुटेल.' पायाला धातूचा एक तुकडा मुद्दाम लावतात, पाणी आधी त्याला खातं आणि पाय वाचतो, हेही त्यात होतं. खारपाणपट्ट्यातल्या मला ते लगेच पटलं. खारं पाणी विहिरीवरच्या पंपाचे पाइप कसे खातं, ते आम्ही रोज बघतो.

त्या रविवारी नातवंडांना घेऊन तळ्यावर जायचं ठरलं होतं. आदल्या दिवशी ताई टॉर्च घेऊन बोटीमागं बसली आणि एका घडीत तिचं बोट अडकलं. चीर! वही उघडली तर भात्याची शेवटची नोंद सहा वर्षांपूर्वीची. त्यानंतर भाऊजींचं आजारपण, मग पानं कोरी. ताई कितीतरी वेळ त्या कोऱ्या पानाकडं बघत राहिली.

मुलं रडली, पण बोट निघाली नाही. पंधरा दिवसांनी रबर आलं. एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं पाय उतरवला, ताईनं वही वाचून एकेक काम करून घेतलं. भाता बदलल्यावर तिनं स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली. तेव्हा कुठं तिचे डोळे भरून आले.

गावी परतल्यावर बचत गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं. सगळ्या हसल्या, "आमच्याकडं कुठली आली बोट?" मी विचारलं, "गॅसची रबरी नळी कधी बदलली?" एकदम शांतता. एक म्हणाली, "बाई, चालते ना अजून, कायले बदलाची?"

मैत्रिणींनो, बोटीचा भाताही चिरेपर्यंत चालतच होता. गॅसच्या नळीची मुदत साधारण पाच वर्षांची असते, तारीख नळीवरच छापलेली असते. आज स्वयंपाक उरकला की जरा वाकून बघा. मुदत संपली असेल तर नळी बदला आणि घरातल्या एका वहीत तारीख लिहून ठेवा. घरातला लिहिणारा माणूस कधी आजारी पडेल सांगता येत नाही. ती वही आपल्यालाही वाचता आणि पुढं चालवता आली पाहिजे.