ई-रीडरवरील पान उलटण्याची क्रिया : स्पर्शपटल आणि कळ यांचा तुलनात्मक विचार

प्रस्तावना :

छापील ग्रंथाचे पान उलटणे ही वाचकाच्या लक्षातही न येणारी क्रिया आहे. ई-रीडरवर मात्र तीच क्रिया यंत्राला दिलेली आज्ञा ठरते. एक कादंबरी वाचून होईपर्यंत ही आज्ञा शेकडो वेळा द्यावी लागते. ती कळ दाबून द्यावी की पडद्याला स्पर्श करून, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैयक्तिक आवडीचा राहत नाही. महाविद्यालयीन ग्रंथालयासाठी अशी उपकरणे निवडताना त्याचा विचार आवश्यक ठरतो.

पार्श्वभूमी :

२००७ साली आलेल्या पहिल्या किंडलला दोन्ही कडांवर पान उलटण्याच्या कळा व खाली पूर्ण कळफलक होता. २००८ च्या सोनी पीआरएस-७०० या उपकरणात स्पर्शपटल आले. परंतु त्यासाठी पडद्यावर बसविलेल्या जादा थरामुळे अक्षरांचा उठाव कमी होऊन प्रकाशाचे परावर्तन वाढले. २०११ च्या किंडल टचमध्ये कडेच्या कळा वगळण्यात आल्या, तर त्याच वर्षीच्या नूक सिंपल टचमध्ये स्पर्श व कळा दोन्ही ठेवण्यात आले. २०१६ च्या किंडल ओअ‍ॅसिसमध्ये कळा परतल्या; मात्र या उपकरणाची विक्री २०२४ मध्ये थांबविण्यात आली. २०२४ च्याच कोबो लिब्रा कलरमध्ये दोन्ही सोयी आढळतात.

कार्यपद्धती :

किंडल टच व नूक सिंपल टच यांच्या चौकटीतून पडद्यालगत अवरक्त किरणांचे अदृश्य जाळे सोडलेले असे. बोटाने किरण अडताच स्पर्शाचे स्थान कळे. पडद्यावर थर नसल्याने अक्षरे स्पष्ट राहत आणि हातमोजा असला तरी स्पर्श ओळखला जाई. २०१२ च्या किंडल पेपरव्हाइटपासून विद्युत धारितेतील बदल टिपणारी पद्धत रुळली. तीत पाण्याचा थेंबही क्वचित स्पर्श समजला जातो. कळेची रचना याहून साधी आहे : दाब दिला की विद्युतमंडल पूर्ण होते.

तुलना :

मूलभूत भेद येथेच आहे. कळेवर अंगठा विसावू शकतो. दाबल्याशिवाय आज्ञा होत नाही. स्पर्शपटलावर मात्र टेकणे हीच आज्ञा असल्याने अंगठा चौकटीवर ठेवावा लागतो आणि प्रत्येक पानाला तो पडद्यापर्यंत नेऊन परत आणावा लागतो. प्रवासात एका हाताने वाचणाऱ्यास किंवा हात थरथरणाऱ्या ज्येष्ठ वाचकास हा फरक तत्काळ जाणवतो.

याउलट शब्दाचा अर्थ पाहणे, ओळी अधोरेखित करणे व टिपण लिहिणे यांत स्पर्शपटल निर्विवादपणे सरस आहे. कळांच्या साहाय्याने दर्शक ओळीओळीने सरकवत इष्ट शब्दापर्यंत पोहोचणे कष्टाचे होते. शिवाय कळ हा हलणारा भाग असल्याने तो कालांतराने झिजतो.

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. सपाट काचेवर बोटाला कोणतीही खूण सापडत नाही. म्हणून पडदावाचक प्रणालीत पहिला स्पर्श केवळ बोटाखाली काय आहे ते उच्चारून सांगतो आणि दोनदा टकटक केल्यावरच आज्ञा पाळली जाते. चाचपणे आणि आज्ञा देणे यांतील जो भेद कळेत अंगभूत होता, तोच येथे प्रणालीद्वारे पुन्हा निर्माण करावा लागला आहे.

निष्कर्ष :

सलग वाचनासाठी कळ आणि अभ्यासपूर्ण वाचनासाठी स्पर्शपटल उपयुक्त ठरते. विद्यार्थी ही दोन्ही प्रकारची वाचने करीत असल्याने ग्रंथालयाने शक्यतो दोन्ही सोयी असलेल्या उपकरणास प्राधान्य देणे हितावह ठरेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील समावेशक शिक्षणाची अपेक्षा लक्षात घेता, खरेदीपूर्वी ते उपकरण अशा विद्यार्थ्यांच्या हाती प्रत्यक्ष देऊन पाहणे हीच खरी कसोटी होय.