कलावंत आपल्याकडे खूप आहेत, कलेची व्यवस्था सांभाळणारे कुठे आहेत?

मागच्या वर्षी आम्ही काही कार्यकर्ते वस्तीतल्या एका ज्येष्ठ गायिकेचा मानधनाचा अर्ज भरायला बसलो होतो. जयंतीच्या स्टेजवर त्यांनी चाळीस वर्षे भीमगीते गायली. राज्य शासनाची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे आणि तिची निवड जिल्हास्तरीय समिती करते. अर्जासोबत कलेच्या कामाचा पुरावा लागतो. ताईंची ट्रंक उघडली, तर त्यात जुनी तीन हँडबिले निघाली. तिन्हींवर एकाच गायकाचे नाव होते आणि पुढे छापले होते, "आणि पार्टी". ताई त्या 'पार्टी'त होत्या. अर्ज पुराव्याअभावी परत आला.

चूक कोणा एकाची नव्हती. चाळीस वर्षांत त्यांचे नाव लिहून ठेवणारे, फोटो जपणारे, बिदागीची पावती देणारे कोणीच नव्हते. आपल्या समाजात गाणारे, लिहिणारे, नाटक करणारे घरोघरी आहेत. त्यांच्या कलेमागची व्यवस्था उभी करणारे मात्र फार थोडे आहेत. हे काम म्हणजे सांस्कृतिक नेतृत्व. शिकून, पगार घेऊन करता येण्यासारखे ते काम आहे आणि आपल्या तरुणांनी त्याकडे करिअर म्हणून पाहावे, एवढेच आम्हाला या लेखात सांगायचे आहे.

हे काम नेमके काय असते?

कलावंत स्टेजवर असतो. सांस्कृतिक कार्यकर्ता स्टेजच्या आधी आणि नंतर असतो. कार्यक्रम ठरवणे, निधी उभारणे, करार करणे, हिशेब ठेवणे, नव्या मुलांना शिकवण्याची सोय करणे, जुन्या ध्वनिफिती व वह्या जपणे आणि मुंबई-पुण्याबाहेरच्या कलेला मंच मिळवून देणे, ही सगळी त्याची कामे. एखाद्या जिल्ह्यात असे पाच जण दहा वर्षे टिकून राहिले, तर त्या जिल्ह्याचे सांस्कृतिक चित्र बदलते.

आपला इतिहास काय सांगतो?

ही कल्पना आपल्याला परकी नाही. सत्यशोधक जलशांची परंपरा पुढे नेत १९३०च्या दशकात आंबेडकरी जलसे गावोगावी फिरले. भीमराव कर्डकांसारखे शाहीर नुसते गात नव्हते, तर मंडळ बांधत होते. संच जमवायचा, तालीम घ्यायची, प्रवास आणि मुक्काम ठरवायचा, हे सगळे त्या गाण्याच्या मागे होते.

पुढे औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले आणि ते रंगमंचावर आले. महाविद्यालय हे पदवी देण्याचे ठिकाण आहे तसे संस्कृती घडवण्याचेही ठिकाण आहे, हे तिथे दिसले.

याच वातावरणात १९६०च्या दशकाच्या अखेरीस एक नियतकालिक उभे राहिले. तेच पुढे 'अस्मितादर्श' म्हणून ओळखले गेले. म. ना. वानखेडे यांच्यासारख्या प्राध्यापकांची त्यामागे प्रेरणा होती आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी ते अनेक दशके चालवले. पानतावणे सरांना आपण समीक्षक म्हणून ओळखतो. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पण संपादक म्हणून त्यांनी जे केले ते खरे सांस्कृतिक नेतृत्व होते. प्रस्थापित मासिकांत ज्यांना जागा नव्हती अशा लेखकांना त्यांनी लिहिते केले. अस्मितादर्शचे मेळावे वेगवेगळ्या गावी भरले आणि त्या त्या भागातले नवे कवी, लेखक पुढे आले. प्रादेशिक सांस्कृतिक विकास म्हणतात तो हाच.

यात एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. सरांचे घर प्राध्यापकीच्या पगारावर चालत होते. नियतकालिकाचे काम त्यांनी नोकरी सांभाळून केले. असा त्याग सगळ्यांना परवडत नाही. पुढच्या पिढीला हे काम करायचे असेल, तर त्यातून पोट भरण्याची सोयही पाहावी लागेल.

शिक्षणाच्या वाटा

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र, मुंबई विद्यापीठाची लोककला अकादमी, छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग, दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय, हे परिचित पर्याय आहेत. दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात बौद्ध अध्ययन, वारसा-जतन अशा विषयांचे पदविका अभ्यासक्रम चालतात. समाजशास्त्र, समाजकार्य, ग्रंथालयशास्त्र किंवा वाणिज्य शिकलेल्यांनाही या क्षेत्रात जागा आहे. खरे तर चांगला हिशेब ठेवणाऱ्या माणसाची सांस्कृतिक संस्थांना सर्वात जास्त गरज असते.

पैसा कुठून येतो?

केंद्र सरकारने १९८०च्या दशकात देशात सात विभागीय सांस्कृतिक केंद्रे स्थापन केली. महाराष्ट्र त्यांपैकी नागपूरच्या दक्षिण-मध्य आणि उदयपूरच्या पश्चिम विभागाशी जोडलेला आहे. या केंद्रांचे महोत्सव होतात आणि त्यांत लोककलावंतांचे संच बोलावले जातात. केंद्रीय संस्कृती मंत्रालय तरुण कलावंतांना शिष्यवृत्ती, संशोधन करणाऱ्यांना फेलोशिप आणि नाट्य-संगीत संस्थांना अनुदान देते. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय आहे. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत कला, संस्कृती आणि वारशाचे जतन हे सामाजिक दायित्व निधीचे मान्य क्षेत्र आहे.

पण यातले बरेच अनुदान नोंदणीकृत संस्थेलाच मिळते. तिचे लेखापरीक्षण झालेले असावे लागते आणि मागच्या कामाचा अहवालही द्यावा लागतो. आपली कितीतरी मंडळे उत्सवापुरती जागी होतात आणि वर्गणीचा हिशेब फलकावर लावून मोकळी होतात. संस्था नोंदणी आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा समजणारा एक जण मंडळात असेल, तर हे दार उघडते.

दुसरा प्रश्न हक्काचा. भीमगीतांच्या कॅसेट गल्लोगल्ली वाजल्या, पण अनेक गीतकारांना एकरकमी थोडे पैसे मिळाले आणि विषय संपला. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. चित्रपट किंवा ध्वनिमुद्रिकेत वापरलेल्या गीतासाठी गीतकार व संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा त्या दुरुस्तीने राखला आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा हक्क वारसांकडे राहतो. आज तीच गाणी मोबाइलवर लाखो लोक ऐकतात. करार वाचून समजावणारा माणूस कलावंताच्या बाजूला नसेल, तर कायदा कागदावरच राहतो.

सुरुवात कुठून करायची?

हे क्षेत्र सोपे आहे असे आम्ही म्हणणार नाही. कामे प्रकल्पावर मिळतात, अनुदान उशिरा येते, घरचे विचारतात, "हे काय काम आहे?" म्हणून पहिली काही वर्षे दुसरे उत्पन्न हाताशी ठेवावे. पण सुरुवात आजच करता येते. तुमच्या विहारातल्या पाच ज्येष्ठ कलावंतांच्या मुलाखती मोबाइलवर रेकॉर्ड करा. हँडबिले, वह्या, फोटो स्कॅन करून तारखेसह ठेवा. पत्रिकेवर 'आणि पार्टी' न छापता संचातल्या प्रत्येकाचे नाव छापा, स्त्रियांचे आणि वादकांचेही. मानधन खात्यावर द्या आणि पावती घ्या. असे एक वर्ष केले की तुमच्याकडे दाखवण्यासारखे काम तयार होते. फेलोशिपच्या अर्जात आणि नोकरीच्या मुलाखतीत तेच उपयोगी पडते.

त्या ताईंचे पुढे काय झाले? आम्ही जयंती मंडळाच्या जुन्या जमाखर्चाच्या वह्या काढल्या. एका खजिनदाराने दरवर्षी बिदागीपुढे प्रत्येक कलावंताचे नाव लिहिले होते. त्यांत ताईंचे नाव अकरा वेळा सापडले. त्या पानांच्या प्रती जोडून अर्ज पुन्हा दिला आहे. निर्णय अजून यायचा आहे.

त्या खजिनदाराला कोणी कलावंत म्हटले नाही. पण आज ताईंच्या चाळीस वर्षांचा कागदावरचा एकमेव पुरावा त्यांच्या अक्षरात आहे. असे लिहून ठेवणारे प्रत्येक वस्तीत तयार झाले पाहिजेत.

जयभीम! नमो बुद्धाय!